चारशे बारा सह्या

नाही हो ताई, पुढची गाडी रिकामी नाहीये, आत माणूस बसलाय — रिकामी आहे ती फक्त ड्रायव्हरची सीट. अंतर ठेवा तिच्यापासून. क्लच हळू सोडा, हळू — हं. तो आत मान टाकून झोपलाय ना, तो बँकेतला साहेब, गाडी माझ्याकडेच शिकला. चार महिन्यांपूर्वी आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात मी टेबल टाकलं होतं, विनाचालक गाड्या नकोत म्हणून — चारशे बारा सह्या. ह्याची सातवी. पेन परत देताना मला म्हणतो, "सर, जीव काय यंत्राच्या हवाली करायचा?" आता बघा, घोरत असेल. आणि पेपरात सर्व्हे, शंभरातल्या एकाहत्तर जणांचा विश्वास नाही म्हणे. मग ह्यांत बसतं कोण — उरलेले एकोणतीस दिवसभर गोल गोल फिरतात काय? मत द्यायला लोकांचं काय जातं. दुसरा गिअर — दुसरा म्हटलं.

सव्वीस वर्षं शिकवतोय मी. रस्त्याकडेचा म्हातारा ओलांडणार की नुसताच उभा आहे, ते त्याच्या खांद्यांवरून ओळखावं लागतं, यंत्राला काय कळणार कपाळ? घरीसुद्धा हेच सांगतो. पहिली सही आमच्या हिचीच होती. आणि आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते, ती ह्याच डब्यातून. मी किल्ली घेऊन दारात उभा, तर म्हणते, "अहो, तुम्ही कशाला दगदग करता." दगदग कसली, दहा मिनिटांचा रस्ता. एकदा, एकदाच, त्या सायकलवाल्याला मी पाहिलं नाही — म्हणजे पाहिलं, जरा उशिरा पाहिलं, ऊन डोळ्यांवर होतं. खरचटलं त्याला, बाकी काही नाही. पण तेव्हापासून ही माझ्या शेजारी बसत नाही. बत्तीस वर्षं बसली. डोळे तपासून घ्या म्हणते. आणि डॉक्टरने भलतंसलतं लिहून दिलं, तर लायसनचं काय, उद्यापासून मी करायचं काय? गाडी दाराशी मागवतसुद्धा नाही ती, कोपऱ्यापर्यंत एकटी चालत जाते आणि तिथं बसते. तिला वाटतं, मला तिथवर दिसत नाही.

जाऊ दे. वेग वाढवा थोडा, रस्ता मोकळा आहे.

अहो, ब्रेक का दाबलात? मोकळ्या रस्त्यात कुणी — कोण? कुठं?

हं. हो, बाई आहेत. कडेवर मूल आहे. दिसल्या मला. माझ्या पायाशीही ब्रेक असतो शिकवणाऱ्याचा, त्यावर पाय होताच माझा, दाबणारच होतो. जाऊ द्या त्यांना पलीकडे.

असं बघू नका माझ्याकडे. गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद करा. आजचा तास झाला, उतरा. आणि कुणी विचारलं तर सांगा, ब्रेक सरांनी दाबला.