शंभराच्या वर

—नाही हो, बिघाड नाहीये, ते मीटर ठेवा बाजूला. दिवे ठणठणीत आहेत. ‘उजेड कमी पडतो’ अशी तक्रार लिहिली, कारण दुसरं काय लिहिणार? तुमच्या ॲपमध्ये उजेडाची पट्टी शंभरला संपते. मला शंभराच्या वर जायचंय. — हसताय काय? दुसरी एलईडी पट्टी लावा, छत फोडा, काय वाट्टेल ते करा. फक्त हळू बोला, आत बाबा आहेत. रेडिओ चालू आहे तोवर बोलून घेते.

त्यांच्यासाठीच तर हे सगळं बसवलं. जन्म शिंपीकामात गेला, आता दुकान सुटलं पण सुई सुटत नाही — दिवसभर त्या आतल्या खोलीत बसून अख्ख्या इमारतीची बटणं लावून देतात. खिडकी नाही तिथे, भर दुपारी दिवा लागतो. आणि मी दिवसभर इस्पितळात, केसपेपरच्या खिडकीवर. म्हटलं, फोनवरून आपणच बघू दिव्यांचं. तर एक दिवस त्यांचा फोन — “हा दिवा आहे की काजवा?” चाळीसवर होता. मी रांगेतल्या बाईंना म्हटलं ‘एक मिनिट हं’, आणि पट्टी पंचेचाळीसवर सरकवली. “हां, आता कसं!” म्हणाले. काय मजा वाटली मला! शेजारच्या खिडकीवालीला दाखवलं पण — बघ, इथे बसून बापाच्या खोलीत उजेड पाडते. पंधरा-वीस दिवसांनी परत काजवा. पन्नास केलं. मग पंचावन्न. मग साठ.

संशय नाही आला? आला ना. सत्तरला मनात पाल चुकचुकली. पण मोतीबिंदू असेल, पिकला की काढू, घाई कसली — असं मीच मला सांगितलं. आणि डोळ्यांचा विभाग कुठे, तर माझ्या खिडकीपासून चौथं दार! रोज पन्नास जणांना हात करून दाखवते, ‘ते काय, चौथं दार’. बाबांना न्यायचं म्हणजे त्यांना जिना उतरवा, रिक्षा बघा, रस्ताभर त्यांची कटकट ऐका. त्यापेक्षा बोटाने पाच सरकवायला काय लागतं? आणि तक्रारच मिटली, तर डॉक्टर कशाला? ...आळस हो, दुसरं काय. तुम्ही बोलला नाहीत, मीच बोलते.

नेलं शेवटी, मागच्या महिन्यात. वकिलांच्या काळ्या कोटाला पांढऱ्या दोऱ्याने बटणं लावून दिली, आणि वर ‘हल्ली असंच घालतात’ म्हणाले, तेव्हा नेलं. काचबिंदू. डॉक्टरीणबाई ओळखीच्या, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, गेलेली नजर परत येत नाही गं, सहा महिने आधी आणलं असतंस तर थेंबांवर थोपवलं असतं. कधीपासून कमी दिसतंय, विचारलं. मी म्हटलं, नक्की आठवत नाही. आठवत नाही म्हणे! — थांबा, माझ्या फोनवर तुम्ही काय उघडलंत ते? मागच्या नोंदी ना? तारीखवार आहे सगळं. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास... बंद करा. मी पाहिलंय ते. घरी येऊन त्याच रात्री पाहिलं. पुन्हा नका दाखवू मला.

बाबांना नाही सांगितलं. सांगितलंय की दिवेच जुने झालेत, माणूस बोलावते. उरलेल्या नजरेपुरता उजेड मला द्यायचाय, एवढंच. तसं गेले तीन आठवडे काही कुरकुर नाही त्यांची, थेंबही मुकाट्याने घालून घेतात, म्हणजे शंभर पुरत असणार — नाही का? पण उद्या परत ‘काजवा’ म्हणाले, तर मी सरकवू कुठे? म्हणून म्हणते, वरती थोडी जागा—

अहो! हे काय केलंत? शून्यावर नेऊन परत वर आणायचं असतं? मग आधी सांगायचं नाही का? बघा दारातून, मिट्ट काळोख झालाय आत, हातात सुई आहे त्यांच्या — आता घर डोक्यावर घेतात बघा—

...

रेडिओ चालू आहे. हात पण चालू आहेत वाटतं. दोरा ओढल्याचा आवाज येतोय ना?

थांबा. हात लावू नका फोनला. — बाबा! ओ बाबा! दिवेवाले आलेत! आता बघा बरं, उजेड कसा पडतोय?

...

ऐकलंत ना तुम्ही? ‘लख्ख’ म्हणाले. ‘आता लख्ख दिसतंय, बाळ, उगाच खर्च करू नकोस आणखी.’

तीन आठवडे. तीन आठवडे मला वाटत होतं, मीच त्यांच्यापासून लपवतेय.

चढवा परत शंभरवर. नको, ती दुसरी पट्टी काढूच नका खोक्यातून. सही कुठे करायची ती दाखवा. झालं तुमचं काम. जाताना दार हळू ओढून घ्या.