विमानाला घातलेला झेंडूचा हार

दसरा. आभाळ स्वच्छ, वारा नाही.

माझा मित्र विलास देवळाली कॅम्पातल्या त्याच्या अंगणात भंगारातून आणलेलं जुनं दोन सीटचं विमान कितीतरी वर्षं दुरुस्त करतोय. आज इंजिन पहिल्यांदा सुरू होणार होतं. आत मीच बसणार, असं मी धरून चाललो होतो. दर रविवारी त्याच्या हातात स्पॅनर कोण देतं?

"आत वहिनी बसतील," विलास म्हणाला. "पंखांचं सगळं कापड त्यांनी शिवलंय. तू मागे शेपूट धर."

सुनंदा, म्हणजे माझी बायको, लगेच चढून बसली. सकाळी माझ्या स्कूटरसाठी केलेला झेंडूचा हारही तिनं विमानाच्या पुढच्या पंख्यालाच घातला होता.

"आधी तो हार काढा," मी म्हणालो.

"पूजेचा हार लगेच काढत नाहीत," सुनंदा आतून म्हणाली.

"जळतोय तो, वहिनी," विलास हसला. "विमानाच्या गळ्यातला हारसुद्धा बघवत नाही त्याला."

मी मागे जाऊन शेपूट धरलं.

विलासनं पंखा हातानं फिरवला आणि बाजूला उडी मारली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. सुनंदासमोर काच होती. झेंडू सगळा माझ्या अंगावर आला.