गौराक्काची बाग आणि न ओलांडायचं पाणी

मंडळी, आज आधी प्रश्न, मग गोष्ट. देवाला आपण फूल वाहतो. रोप एकानं लावलं, पाणीही त्यानंच घातलं, कीड त्यानंच वेचली. फूल मात्र पहाटे दुसऱ्यानंच तोडलं, आणि डोळे मिटून देवापुढे उभाही तोच राहिला! मग पुण्य कुणाचं? बोला की... कुणीच बोलत नाही. पेटीवाले, तुम्ही तरी बोला. काय म्हणता, तुम्ही फुलं विकत आणता? झालं, पेटीवाले सुटले. बाकीच्यांनी नीट ऐका.

हिंगणमाळ नावाचं गाव. गावात खडकेश्वर महादेव. आता महादेवाची प्रदक्षिणा कशी असते, हे तुम्हाला सांगायला नको. अर्धी! पिंडीवरचं पाणी गोमुखातून बाहेर पडतं, ते तीर्थ. ते ओलांडायचं नाही. गोमुखापर्यंत जायचं आणि मागं फिरायचं. हिंगणमाळची माणसं मोठी धार्मिक. गोमुखापलीकडे देवस्थानची जागा पडलेली, पण तिथं कधी कुणाचं पाऊल पडलं नाही.

पाऊल पडलं नाही हं — कचरा पडत होता! निर्माल्य, नारळाची शेंडी, प्रसादाचे द्रोण, फुटक्या तसबिरी, सगळं अलीकडे उभं राहून भिरकावायचं पलीकडे. पाय ओलांडला तर पाप, हात ओलांडला तर काही नाही. आणि देवाला दिसणार कसं? तिसरा डोळा आहे खरा, पण तोही पुढच्याच बाजूला!

त्या जागेला लागून गौराक्काचं घर. एकटी बाई. मालक गेलेले, लेक सासरी. मागचं दार उघडलं की समोर उकिरडा. बाई जेवायला बसायची ती दार-खिडकी लावून. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष भाऊसो खराडे. त्यांच्याकडे आक्का गेली.

"भाऊसो, तेवढी घाण काढून घ्या की."

"पुढच्या मीटिंगला विषय घेतो, आक्का."

मीटिंगला चहा झाला, पोहे झाले, विषय तेवढा राहिला. असं वर्षानुवर्षं. शेवटी आक्कानं पदर खोचला. प्लास्टिक वेचून काढलं, काचा वेचल्या, निर्माल्याला खड्डा केला. गाव अलीकडे उभं राहून बघत होतं. कुणी म्हणालं, म्हातारीला काम नाही. कुणी म्हणालं, जागा लाटायचा डाव दिसतोय. खराटा धरायला मात्र कुणी गेलं नाही, कारण — तीर्थ ओलांडायचं नाही ना!

पहिल्या वर्षी काही जगलं नाही. पुढच्या वर्षी कण्हेर धरली, तगर धरली. मग जास्वंद, मोगरा, प्राजक्त. जे निर्माल्य गावानं फेकलं होतं त्याचं खत झालं, आणि त्याच खतावर बेलाचं झाड आक्काच्या डोक्याच्या वर गेलं. ती आता मागचं दार उघडं टाकून जेवायला बसायची. तेवढ्यासाठीच केलं होतं तिनं सगळं. मंडळी, दार उघडं ठेवून दोन घास खाता यावेत, एवढीच त्या बाईची मागणी होती.

पण फुलं आली, आणि गावाला भक्ती आली! आता पलीकडे जायचं कसं? अडचण मोठी. गावात दिगंबर गुरुजी होते. शाळेतून रिटायर झालेले, शास्त्र जाणणारे. त्यांनी पोथी उघडली, चष्मा पुसला आणि सांगितलं, "पाण्यावर फळी टाकली की ओलांडल्याचा दोष लागत नाही." बघा! उकिरडा होता तोवर पोथीत फळी नव्हती. मोगरा फुलल्यावर सापडली.

मग काय विचारता. पहाटे फळीवरून रांग. पिशव्या, आकड्या, टोपल्या. कळ्यासुद्धा ओरबाडायच्या, फांदी मोडली तर मोडली. आक्का दारातून म्हणायची, "अवो, झाडाला चार तरी ठेवा." तर उत्तर यायचं, "देवासाठी नेतोय, घरी भाजी करायला नाही." देवाचं नाव घेतल्यावर पुढं बोलायची सोयच नाही.

एका वर्षी वैशाखात विहिरी आटल्या. बाग माना टाकायला लागली. आक्का दारोदार फिरली. "रोज फुलं नेता, तर कळशीभर पाणी घाला. झाडं मरतील हो." एकजण म्हणाला, प्यायलाच नाही. दुसरी म्हणाली, टँकर येईना. गुरुजी म्हणाले, "आक्का, हा निसर्गाचा कोप आहे. यात माणूस काय करणार?" आक्का घरी येऊन पायरीवर बसली आणि रडली. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं डोळ्यांदेखत वाळत होती.

आणि तेवढ्यात कमिटीनं काय ठरवलं? पाऊस पडावा म्हणून महादेवावर संततधार! सोमवारी सकाळी सुरू करायची, पाऊस पडेपर्यंत खंड पाडायचा नाही. घरटी पाळ्या लागल्या, कळशीवर कळशी. प्यायला पाणी नव्हतं ते गाव हो! अभिषेकाला कुठून आलं, ते त्या महादेवालाच माहीत.

आक्कानं ऐकलं आणि कुदळ उचलली. गोमुखाचं पाणी आजवर गटारात जायचं. तिनं पाट खणला — गोमुखापासून सुरू करून बागेच्या तिन्ही बाजूंनी, झाडांच्या मुळांपाशी. चौथ्या बाजूला तिचं घर. खणताना गोमुखापाशी फळी आड आली, ती उचलून तिनं घरात ठेवली.

सोमवार उजाडला. गुरुजी नेहमीसारखे पलीकडे गेले. पाट कोरडा, फळी जागेवर नाही, पण तिकडे लक्ष कुठलं, लक्ष मोगऱ्यात! पिशवी भरत होते, तेवढ्यात देवळात शंख वाजला, पहिली कळशी पडली. पाणी निघालं गोमुखातून, पाटात उतरलं, वळलं, आणि बागेला वळसा घालत सगळीकडे चकाकायला लागलं. गुरुजी मधे!

लोक जमले. भाऊसो म्हणाले, "गुरुजी, या की बाहेर."

"येऊ कसा? तीर्थ आहे, आणि फळी आक्कानं उचललीय."

"धार कधी थांबायची?"

"पाऊस पडल्यावर."

सगळ्यांनी वर बघितलं. आभाळ कसं, धुतल्यासारखं स्वच्छ.

आक्का दारात आली. "गुरुजी, माझ्या घरातनं जावा की. पुढचं दार उघडंच हाय."

पण पुढचं दार उघडतं चावडीच्या चौकात. भर सकाळी फुलांनी भरलेली पिशवी घेऊन, बाईच्या घरातून सगळ्या गावासमोर निघायचं? गुरुजी म्हणाले, थांबतो थोडा वेळ. ऊन चढलं. आक्कानं चहा दिला आणि चहाबरोबर खुरपं दिलं. "बसलाच हाय तर तेवढं तण काढा." गुरुजी खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी झाडाला बुडातून बघितलं. मोगऱ्याच्या फांद्या ठिकठिकाणी मोडलेल्या, आणि प्रत्येक मोडीवर शेण लावून चिंधी बांधलेली. त्यांच्याच आकडीनं मोडलेल्या होत्या त्या.

इकडे भाऊसो तापले. "देवाचं तीर्थ झाडांच्या बुडात घातलं! बुजवा तो पाट."

आक्का म्हणाली, "गटारात जात होतं, तवा कुठं गेला होता देवाचा मान?"

पाट बुजवायला फावडी घेऊन माणसं आली आणि काठावर उभी राहिली. पाण्यात पाय कोण घालणार? मग पाणी थांबवा. धार कोण तोडणार? संकल्प भाऊसोंच्याच हातून सुटलेला. भाऊसोंनी शेवटचा उपाय काढला, "फळ्या आणा, सगळीकडे टाका. काय गुरुजी, शास्त्रात चालतं ना?"

सगळं गाव गुरुजींकडे बघायला लागलं. आक्काही बघत होती. फळ्या पडल्या की पाट बुजणार, आणि पाट बुजला की बाग गेली. एका शब्दाचा प्रश्न होता. गुरुजींच्या नखांत माती होती. पिशवी त्यांनी बेलाच्या बुडाशी रिकामी केली आणि म्हणाले, "नाही चालत. मीच चुकीचं सांगितलं होतं." आणि आक्काच्या घरातून, रिकामी पिशवी घडी घालून, चौकात बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी भाऊसोंच्या घरी सत्यनारायण. फुलं तर पाहिजेत, आणि वाट एकच उरलेली. अध्यक्षांनी आक्काच्या पुढच्या दाराची कडी वाजवली. "आक्का, चार फुलं मिळतील का?"

आक्का बघतच राहिली. डोळ्याला पदर लावला. म्हणाली, "या की. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, भाऊसो." आणि हवी तेवढी तोडू दिली.

पुढं वळीव पडला, संततधार थांबली, पाट आटला. पण फळी काही परत पडली नाही. लोक अजून पुढच्या दारानं येतात, येताना कळशी आणतात.

मंडळी, मघाशी तुम्ही माझ्या गळ्यात हा हार घातलात. जास्वंद ताजी आहे, देठाला ओल आहे. ही बाजारातली नाही. कुणाच्या तरी परसातली आहे, आणि ती माउली कदाचित इथंच बसली असेल. तिला विचारलं होतं का कुणी?... बघा, पुढच्या ओळीतल्या माना खाली गेल्या. जाऊ द्या, तुमच्यावर रागावून काय करू, तो हार मीही मिरवतोच आहे. हा मी काढून ठेवतो. ज्यांनी फुलं तोडली त्यांनी नामस्मरण झाल्यावर हा हार घ्या, त्या घरी जा, आणि कडी वाजवा. घ्या आता नाव महादेवाचं.