स्वतःच्या गळ्याचं माप

हनुवटीखालची लोंबती चरबी काढण्याच्या ऑपरेशनची शेवटची पट्टी काढून शिवणकामवाल्या बाई बाहेर आल्या आणि दवाखान्यातल्या बाकावर थोरल्या नणंदेशेजारी बसल्या. पलीकडे बसलेल्या एक आजी चष्मा पुसता पुसता थांबल्या.

"वन्सं, बघा तरी!"

"बघितलं. साठीला हे थेर! लोक हसतील."

"हसू देत. चाळीस वर्षं साऱ्या गल्लीला खोल गळे शिवले आणि स्वतःला मात्र बंद गळा."

"थंडी वाजते म्हणायचीस ना?"

"भर उन्हाळ्यात? फोटोतही मी हनुवटीखाली हात धरायची. तुम्हीच म्हणायचात, आमची भावजय विचारात पडलीय."

"गंमत करत होते गं."

"तुमची गंमत व्हायची आणि माझी कॉलर बोटभर वर चढायची."

"बरं बाई, चुकलं माझं. आता काय?"

"ही टेप धरा. माझा गळा आजवर अंदाजानंच कापला, माप कधी घेतलंच नाही."

"इथे? सगळे बघतायत!"

"बघू देत की, त्यासाठीच तर केलं."

"अगंबाई, मान आहे की तुला! चांगली लांबसडक!"

"होतीच. आता लिहा, पुढचा गळा सात इंच."

"सात? या वयात?"

"आठ लिहा."