पार्ट यायचाय

ठेवा, ठेवा, तिथं टेबलावरच ठेवा. आणि आवाज जरा खाली घ्या साहेब, मागं तीन गाड्या उभ्या आहेत, साध्या आहेत बिचाऱ्या, घाबरतात. — हो, वाचलं की. खोक्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, मला काय वाचता येत नाही होय? पेट्रोलचा पंप. अस्सल, कंपनीचा, थेट परदेशातून, आठ दिवसांत. वा! म्हणजे मला जो पार्ट तीन वर्षांत मिळाला नाही तो तुम्ही फोनवर दोन बोटं फिरवून आणलात नि माझ्या टेबलावर आदळलात. हुशार आहात, काकांचे चिरंजीव शोभता. — चोर? हे तिसऱ्यांदा म्हणालात, मी मोजतोय. नाही नाही, राग कसला. डॉक्टरच्या हातून रोगी गेला तर देवाची मर्जी, नि आमच्याकडं गाडी राहिली तर आम्ही लबाड. सवय आहे. बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय मोडलाय, दुरुस्त करायचा राहिलाय. गॅरेजवाल्याच्या घरची खुर्ची ती, कोण करणार?

तर हुकूम काय आहे? आज पंप बसवायचा, उद्या धुऊन पुसून चकाचक करायची, नि रविवारी सकाळी काकांच्या दारात उभी करायची. पंच्याहत्तर पुरी होतायत. तुम्ही गपचूप आलात त्यांना न सांगता, रविवारी किल्ली हातात देणार, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी, तुमच्या डोळ्यांत पाणी, नि सूनबाई फोटो काढणार. छान बेत आहे. मनापासून सांगतो, छान आहे. फक्त आज जमायचं नाही. — का म्हणजे? लिफ्ट मोकळी नाही. — ती? ती मोकळी दिसतेय होय. दिसते तशी. ती वर जाते, खाली येत नाही. म्हणजे येते, पण तिच्या मनावर असतं. — घड्याळाकडं? छे, मी कशाला बघतोय घड्याळाकडं, ते बंदच आहे. — चालू झालंय वाटतं.

बरं, आलाच आहात तर गाडी बघून तर घ्या. या इकडं कोपऱ्यात. धरा ते टोक, ओढा चादर. — हं. सगळे असेच बघत राहतात. दोन सीट, धुराची चार नळकांडी मागं, नि जमिनीपासून एवढी वर की खाली मांजर अडकावं. फोटोत पाहिली असेल ना तुम्ही? काकांनी पाठवला होता, घेतली त्या दिवशी. तुम्ही अंगठा पाठवलात उलट. सांगितलं त्यांनी मला, दाखवला पण, तो अंगठा. — अहो, दरवाजा असा नाही उघडत! हँडल आत असतं, हलकं दाबायचं, मग ते बाहेर येतं. यायचं असेल तर. साधी माणसं दाराला हँडल लावतात, श्रीमंत माणसं लपवतात, नि जुनी झाली की ते लपलेलं हँडल शोधायला माझ्याकडं येतात.

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, आणि असली गाडी पाहावी सेकंडहँड घेऊन. खरं सांगतो साहेब, पहिल्या मालकाला गाडी परवडते, दुसऱ्याला फक्त किंमत परवडते. पुढचा एक दिवा गेला तर काय करावं लागतं? बल्ब बदलायचा, बरोबर? नाही. पुढचं तोंड उतरवायचं, अख्खं. बॅटरी कुठं आहे? पायाखाली, गालिच्याच्या खाली, नि ती उतरली की दार उघडत नाही, नि दार उघडल्याशिवाय बॅटरीपर्यंत जाता येत नाही. कुणी डोकं लावलं असेल? आणि समोर तो पिवळा दिवा लागतो, 'गॅरेजला दाखवा'. बस्, एवढंच. काय झालंय ते सांगत नाही. माझी बायको रुसली की अगदी अस्संच करते. ज्याच्याकडून घेतली तो दातांचा डॉक्टर, म्हणाला, एकहाती गाडी, जपून वापरलीय. जपून! पुढचे दोन टायर आतल्या बाजूनं टकले नि मागच्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या. मी काकांना स्पष्ट म्हटलं, नका घेऊ. दहादा तपासून सांगितलं, नका घेऊ. ऐकतील तर शपथ. म्हणाले, चाळीस वर्षं सरकारी कचेरीत रस्त्यांचे नकाशे काढले, प्रत्येक वळण किती अंशाचं ते तोंडपाठ, नि फिरलो कशानं? बसनं. खिडकी मिळाली तर मिळाली. आता एकदा ती वळणं माझ्या हातानं घ्यायचीत. — तुमच्या आई जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. मग मी कसला अडवतोय? लागलो कामाला. दोन वर्षं काय सुंदर चालवली त्यांनी! वळणावर ब्रेकला हात लावायचे नाहीत — पाय, पाय. पाय लावायचे नाहीत.

काय? टोइंगवाल्याला? आत्ता? कशाला बोलावताय त्याला उगाच, धूळ फार आणतो तो. — दुसऱ्या गॅरेजात. अस्सं. न्या ना. गाडी तुमची, म्हणजे वडिलांची, माझं काय जातंय? तिकडं काचेची केबिन आहे, थंडगार हवा, कॉफीचं मशीन. तासाभरात पंप बसवून देतील. — नका नेऊ साहेब. ऐका जरा. — कारण आहे. कारण तो सीट काढेल, टाकीचं झाकण उघडेल नि तुम्हाला विचारेल, अहो, इथला पंप खराब झालेला नाही, व्यवस्थित स्क्रू सोडवून काढून घेतलाय, वायरीच्या टोकांना टेप लावलीय, हे कुणाचं काम? आणि तुम्ही...

हं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. बायको म्हणते ते काही खोटं नाही.

फोन खिशात ठेवा. पोलिसाला मग बोलवा, मी कुठं पळून जात नाही, माझं सगळं दुकान इथंच आहे. हो, मी काढला. चांगला, ठणठणीत चालू असलेला पंप या हातांनी काढला. खालच्या कप्प्यात आहे, तेलाच्या कापडात गुंडाळून, दर दोन महिन्यांनी पुसतो. बास? आता विचारा, का. — नाही, विकायला नाही. विकायचा असता तर तीन वर्षं पुसत बसलो असतो का, मी काय वेडा आहे? अहो, त्यांनीच सांगितलं. कोणी म्हणजे? तुमच्या वडिलांनी!

बसा. मोडकी तर मोडकी, बसा.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, दुपारची वेळ होती. ते गाडी घेऊन आले, या इथं, रेघेत उभी केली, इंजिन बंद केलं, नि उतरेचनात. दहा मिनिटं झाली. मला वाटलं ते हँडल आतून पण अडकलं. गेलो, दार उघडलं, तर दोन्ही हात चाकावर नि चेहरा पांढराफटक. म्हणाले, शाळेपाशी मुलं रस्ता ओलांडत होती, मी ब्रेक दाबला नि गाडी पुढं गेली. साहेब, पाय ब्रेकवर नव्हताच. पाय होता दुसरीकडं, आणि पायाला ते कळलंच नाही. साखरेच्या आजारानं तळव्यांची जाणीव जाते ना, तसं. एक मुलगी, पाठीवर दप्तर. दप्तराला आरसा लागला नि ती जागच्या जागी गोल फिरली. एवढंच झालं. ती हसली म्हणे. तिला वाटलं गंमत. हे सांगताना ते... जाऊ दे. मी तीस वर्षं या धंद्यात आहे, लोक येतात नि म्हणतात दुरुस्त करा. हा पहिला माणूस असा की माझा हात धरून म्हणाला, 'ही बिघडवा. मी कितीही म्हटलं तरी चालू होणार नाही अशी बिघडवा. आणि कुणी विचारलं तर म्हणा, पार्ट यायचाय.'

मी म्हटलं, विकून टाका की काका, एवढं कशाला? म्हणाले, विकली की मुलगा विचारणार, का विकली. — बरोबर आहे की. तुम्ही विचारलंच असतं. आणि कारण कळलं असतं की दुसऱ्या दिवशी विमानानं येऊन त्यांची बॅग भरली असती नि त्यांना उचलून तुमच्या त्या बाराव्या मजल्यावर ठेवलं असतं, खिडकीला जाळी लावून. — नसतं केलं? खरं सांगा. — बघा, आत्ताच मनात बॅग भरताय. तोंडावर दिसतंय. अहो, पायाला पेडल कळत नाही, बाकी सगळं कळतं त्यांना! स्वतःचा स्वयंपाक करतात, कपड्यांना इस्त्री करतात, औषधाची वेळ चुकत नाही, माझ्या मुलीची भूमितीची वही तपासतात नि तिला रडवतात. आपलं घर, आपली गल्ली, आपली चप्पल, एवढंच उरलंय माणसाजवळ. तेवढं राहावं म्हणून त्यांनी स्वतःहून ती किल्ली मला दिली. आपण दिली असती? मी तर दिली नसती. माझ्या हातून काढून घ्यावी लागली असती, लाथाबुक्क्यांनी.

आणि दर गुरुवारी येतात. चारच्या बसनं. — हो, आज गुरुवारच आहे, म्हणून तर मघापासून तुम्हाला पिटाळतोय नि तुम्ही हलत नाही. येतात, चादर काढतात, काच पुसतात. गाडी एका जागी उभी राहिली की टायर बसतात ना, म्हणून आम्ही दोघं ढकलतो. एक फूट पुढं, एक फूट मागं. मी मागून जोर लावतो, ते आत बसून चाक धरतात. एका फुटाला वळण कसलं आलंय? तरी चाक धरतात. मग बसतात अर्धा तास. मला चहा करावा लागतो, धंदा बुडतो माझा. येऊ नका म्हणू का? एका गुरुवारी आले नाहीत, ताप होता, तर मी पाच वाजेपर्यंत फाटकाशी उभा. गिऱ्हाईक मागं बोंबलतंय नि मी फाटकाशी. बायको म्हणते, तुमचा बाप लहानपणी गेला म्हणून तुम्ही... ते राहू दे. तिला काय, काहीही बोलते. पण एक सांगू का साहेब? रविवारी तुम्ही फोन करता, ते म्हणतात गाडी गॅरेजला आहे, पार्ट यायचाय, नि तुम्ही म्हणता, बरं. तीन वर्षं दर रविवारी, बरं. एकदाही तुम्हाला वाटलं नाही की बाबा, हा कुठला पार्ट आहे बुवा? आज वाटलं, ते पण खोकं हातात घेऊनच. मी चोर. असेन. पण पंप मी त्यांच्या सांगण्यावरून चोरला.

थांबा. बस आली. — उठू नका! ते खोकं, ते खोकं आधी टेबलाखाली ढकला, पायानं. आणि तोंड पुसा. रुमाल नाही? हे घ्या, तेलाचं आहे, चालतंय.

ते बघा, फाटकातून येतायत. खाली बघून चालतात, दिसलं? तुम्ही म्हणाल वय झालं, मान वाकली. मान कसली वाकतेय! पाऊल कुठं पडलं ते डोळ्यांनी बघून ठरवावं लागतं त्यांना. अजून त्यांनी आपल्याला पाहिलं नाही, दहा पावलं आहेत. नीट ऐका. तुम्हाला इथं बघून ते पहिलं काय समजतील? की मी फुटलो. आणि तुम्हाला कळलंय हे त्यांना कळलं ना, तर पुढच्या गुरुवारपासून ते इथं येणार नाहीत, सांगून ठेवतो. तोंड दाखवणार नाहीत मला, नि तुम्हालाही. सुंभ जळेल, पीळ नाही जळायचा. म्हणून शिव्या घाला मला. — अहो, शिव्या! आल्यापासून घालत होतात तशाच. लबाड म्हणा, तीन वर्षं फसवलं म्हणा, गाडी का देत नाहीस म्हणा. म्हणजे त्यांना कळेल की तुम्हाला काहीच माहीत नाही. मोठ्यानं. चला, मीच सुरू करतो.

— अहो, ओरडून काय पार्ट लवकर येतो का? नाही म्हणजे नाही! कुठं तक्रार करायची तिथं करा, आम्ही भीत नाही कुणाला! — अरे, या काका, या, बरं झालं आलात. सावकाश, तिथं पाना पडलाय. हे बघा तुमचे चिरंजीव, न सांगता आलेत, तासभर माझं डोकं खातायत, मला चोर म्हणतायत. तुम्हीच सांगा आता यांना. — साहेब, बोला की. काय झालं? बोला ना. असं बघू नका त्यांच्या पायांकडं, इकडं बघा, माझ्याकडं... माझ्याकडं बघून ओरडा.