भाटघरचा कुरव उडेना

आणि वर आमचे पक्षीनिरीक्षणाचे सर म्हणतात, "समुद्राचा पक्षी भाटघरला कशाला येईल? आलाच असेल तर कोणता ते ठरवून आण, मग धरणावरच्या पक्ष्यांच्या यादीत घालू." ठरवून आण म्हणे! तुम्हाला सांगतो, एकाचं नाव काळ्या डोक्याचा कुरव, दुसऱ्याचं तपकिरी डोक्याचा कुरव, आणि हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरीशुभ्र, कानामागे शाईचा डाग पडावा तेवढी खूण. मग ओळखायचं कसं? तर पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके दिसले की तपकिरी. म्हणजे तो उडायला हवा ना... आणि कुरव? कुरव निवांत. पाण्यावर थव्यासकट असा बसलेला, जणू धरण त्याच्यासाठीच बांधलंय.

मी तीन तास चिखलात, दुर्बीण डोळ्याला, वही मांडीवर. आता धरणाचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक हरभरा पेरतात, कुणी परवानगी काढून, कुणी तसाच, हे मला कुठं ठाऊक? साळूबाई, तिचाही हरभरा तसाच पेरलेला, खुरपं घेऊन समोर उभी.

"सायेब, कुणाचं रान मोजताय?"

"मावशी, मी पक्षी बघतोय. तो उडेपर्यंत हलणार नाही."

"पक्षी बघायचा पगार मिळतो व्हय?"

"नाही हो. पदरचं तिकीट काढून एस.टी.नं येतो."

"मंग सरकारचंच मानूस. येवढं खोटं दुसरं कोन बोलंल?"

मी पुन्हा दुर्बीण डोळ्याला लावली. आणि कुरव? कुरव निवांत.

शेवटी मी एकदाचा जावं म्हणून तिनंच पाण्याकडे ढेकूळ भिरकावलं... आणि तुम्हाला सांगतो, सगळा थवा वर, उन्हात पांढरा, वळला की राखी, पुन्हा पांढरा, अहो, माझी दुर्बीणच खाली आली, नुसता तोंड उघडं टाकून बघत राहिलो, आणि पंखांची टोकं बघायची राहूनच गेली! भानावर आलो तेव्हा थवा पार डोंगराकडे.

"ठिपकं व्हतं की," साळूबाई म्हणाली. "काळ्यात पांढरं. रोज बघती म्या."

मी वही उघडली. तपकिरी डोक्याचा कुरव, भाटघर. राहिलं फक्त पाहणाऱ्याचं नाव. खोटं मी लिहिणार नाही, ठिपके तिनं पाहिले, नाव तिचंच.

"मावशी, पूर्ण नाव सांगा."

तिनं खुरपं कमरेला खोचलं. "सायेब, तुमी रान बघितलं न्हाई, म्या पाखरू बघितलं न्हाई."