वळूसाठी बोलावलेलं सरकार

...अन् वरून मलाच म्हणतात, "कडूबा, तूच गेल्तास ना बोलवायला?" गेल्तो. न्हाई कुठं म्हणतो? पण तुम्हाला सांगतो मंडळी, देवाला सोडलेला वळू रोज पहाटे माझ्या उभ्या खरीप ज्वारीत घरच्यासारखा येतो, कणसं खातो, वर तिथंच बसतो, देवाचा म्हणून कुणी काठी उगारत न्हाई, मंग माणसानं जावं कुठं? आमचं गाव राजूरच्या अलीकडं, राज निजामाचं. गेलो तालुक्याच्या ठाण्यावर अन् अमीनसाहेबांपुढं, म्हंजे तिथल्या फौजदारापुढं, हात जोडले. घरची, वच्छलाबाई, म्हणाली होती, "आधी पाटलाला तर विचारा." पण आम्ही शहाणे. म्हटलं, पाटील काय करणार, सरकारच पाहिजे.

पाहिजेच हो. सरकार बिलकुल पाहिजे. पण वेशीच्या बाहेर.

आले. अमीनसाहेब, त्यांचा घोडा अन् चार जवान. उतरले कुठं? माझ्याच ओसरीवर, कारण फिर्याद माझी. घोड्याला कडबा माझा, जवानांना भाकरी माझ्या चुलीवरच्या, दूध माझ्या म्हशीचं... ते दूध पिऊन, मिशी पुसून अमीनसाहेब म्हणाले, "देखो कडूबा, ऊपर का हुकूम है. सांड पकडे तक गाँव का एक बी जानवर बाहर नै निकलना." आता बोला. वळू खात होता माझी एक पट्टी, हुकमानं अख्ख्या गावाची औतं थांबली. रब्बीच्या पेरण्या खोळंबल्या, गुरं गोठ्यात हंबरून राह्यली, अन् गाव माझ्याकडं असं पाहून राह्यलं की त्यापरीस वळू बरा होता.

जवान गेले वळू धरायला. वळूनं नुसतं वळून पाहिलं. दोघं बाभळीवर, दोघं नाल्यात. पण रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून येता येता माझ्या दावणीचा बैल सोडला अन् कोंडवाड्यात घातला. म्हटलं, "जमादार, हा माझा औताचा बैल हाय." तर तो म्हणतो, "रंग सफेद, सींग दो. हुकूम में बराबर बैठता."

मागोमाग कोंडवाड्यापर्यंत पळालो. लहानाचा मोठा केलेला बैल हो. कोंडवाड्याच्या काटेरी कुपाटीतून माझ्याकडं पाहून राह्यला... तसाच ओसरीवर आलो, पागोटं काढून अमीनसाहेबांच्या पायाशी ठेवलं. "साहेब, माझी फिर्याद न्हाई. तुम्ही परत जा." ते शांतपणे म्हणाले, "बुलाना तुम्हारे हात में था. भेजना तुम्हारे हात में नै."

सरकार पाहिजे, बिलकुल पाहिजे. पण वेशीच्या बाहेर.

शेवटी गेलो रामराव पाटलाकडं. रागावतील वाटलं, रागावले न्हाईत. म्हणाले, "कडूबा, दरोडा पडला तर सरकार बोलवू, त्याचं कामच ते. पण एक वळू बांधायला गाव पुरत न्हाई का? आपल्या वाडवडिलांनी सोडला, तर सांभाळायचा बी आपणच." मारुतीच्या पारावर गाव जमलं अन् ठरलं: वळू सगळ्या गावाचा, एकेका घरानं पाळीनं बांधायचा. मंग पाटलांनी पेंडीची पाटी पुढं धरली, आम्ही मागून हळूहळू, अन् तो गडी बिनबोभाट दावणीला आला.

पाटील अमीनसाहेबांना म्हणाले, "साहेब, गावात मोकाट जनावर न्हाई. ह्याला मालक हाय."

"कौन?"

"आम्ही सगळे."

अमीनसाहेबांनी आमची सगळ्यांची डोकी मोजली. मला वाटलं, आता मालकांनाच कोंडवाड्यात घालतात. पण ते खाटेवर टेकले अन् लांब श्वास सोडून म्हणाले, "अच्छा हुआ. मेरी बच्ची बुखार में पडी है, कब से घर जाना था. पर हुकूम खडा था ना." तुम्हाला सांगतो, माणूस चांगला होता हो. त्याला बी हुकमानंच बांधलं होतं माझ्या ओसरीवर. वच्छलाबाईनं त्या लेकरासाठी तुपाची लोटी बांधून दिली. माझा बैल सुटला, घोडा वेशीबाहेर गेला, अन् कसं मोकळं मोकळं वाटलं सांगू... औतं निघाली, पोरीबाळी पेरणीची गाणी म्हणून राह्यल्या, मी बैलाच्या गळ्यात हात टाकून उगाच उभा.

मंग पारावर निघालं, वळूची पहिली पाळी कुणाची? सगळे माझ्याकडं बघायला लागले.

आता हाय माझ्याच गोठ्यात. खातो बेसुमार. पण हुकूम सोडत न्हाई.